अल्पशक्ती हौशी रेडिओ प्रेषग्राही

अल्पशक्ती हौशी रेडिओ प्रेषग्राही : प्रेषक व ग्राही ही दोन्ही उपकरणे एकाच पेटीत सामावलेली असून ज्याची प्रेषणशक्ती साधारणतः ५ ते १० वॉटच असते, अशा हौशी रेडिओचालकांच्या संचास ही संज्ञा लावतात. मॉर्स संकेतलिपीने केलेल्या प्रेषणासाठी ५ वॉट व एक पार्श्वपट्ट पद्धतीने केलेल्या ध्वनिप्रेषणासाठी १० वॉट (शिखरमूल्य) ही मर्यादा जगभरच्या हौशी चालकांत रूढ आहे. बिनतारी संदेशवहनाच्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीतील ‘क्यूआरपी’ या त्र्यक्षरी संकेताचा अर्थ ‘प्रेषणशक्ती कमी करा’ असा असल्याने या प्रकारच्या रेडिओचालनास तेच नाव पडले आहे. नेहमीच्या हौशी केंद्राची शक्ती सु. १०० वॉट असते. तिच्या विसाव्या हिश्शाने काम करणाऱ्या संचाला छंदापलीकडे काही मूल्य आहे काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपानंतरच्या मदतकार्यात हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाचे काम केले. त्यामुळे मराठवाड्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

इतिहास : भारतात हौशी रेडिओचालनास १९२१ मध्ये कलकत्ता येथे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्या केंद्रापासून प्रारंभ झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हौशी केंद्रांवर बंदी होती. १९४८ मध्ये महू येथे हौशी चालकांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली, तर १९८३ मध्ये हैदराबाद येथे हौशी रेडिओविषयीचे प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था निघाली. १९७८ मध्ये केंद्र शासनाने हौशी सेवेचे स्वतंत्र नियम केले. परदेशी संच महाग व दुर्मिळ असल्याने अनेक दशके भारतीय हौशी चालकांपुढे सैन्याने मोडीत काढलेली सामग्री विकत घेणे किंवा संच स्वतः बांधणे हे दोनच मार्ग होते. त्यामुळे अल्पशक्ती येथे निवडीपेक्षा गरजेतून आली.

पाश्चात्त्य देशांत मात्र अल्पशक्तीची चळवळ जाणीवपूर्वक उभी राहिली. ट्रँझिस्टरामुळे लहान व कमी वीज खाणारे संच १९६० नंतर शक्य झाले. ब्रिटनमध्ये जॉर्ज डॉब्ज यांनी १९७४ मध्ये अल्पशक्तीप्रेमी चालकांचा संघ स्थापन केला व साध्या मंडलांच्या प्रसारास वाहिलेले त्याचे नियतकालिक सुरू केले. भारतातील सर्वांत उल्लेखनीय कार्य हैदराबादचे अशहर फरहान यांचे होय. २००३ च्या सुमारास त्यांनी ‘बिटएक्स’ नावाचा १४ मेगॅहर्ट्‌झ पट्टावरील सु. ६ वॉटचा एक पार्श्वपट्ट प्रेषग्राही तयार केला व त्याची संपूर्ण रचना सर्वांसाठी खुली केली. सामान्य बाजारात मिळणाऱ्या भागांतूनच संच बांधता यावा, हे त्याचे मुख्य सूत्र होते. या संचाच्या ७ मेगॅहर्ट्‌झवर चालणाऱ्या आवृत्तीचे तयार फलक २०१६ पासून आणि ३ ते ३० मेगॅहर्ट्‌झ या व्याप्तीतील सर्व हौशी पट्टांवर चालणाऱ्या आवृत्तीचे फलक २०१७ च्या अखेरीपासून हैदराबादहून जगभर जाऊ लागले. १९४८ पर्यंत ज्या संस्थानाचे नांदेड व लातूर हे भाग होते, त्याच्या राजधानीत जन्मलेला हा संच आज अल्पशक्ती संचाचे एक प्रमाण उदाहरण मानला जातो.

रचना व कार्य : एक पार्श्वपट्ट पद्धतीत आवाजाचे विद्युत् संकेत प्रथम स्थिर कंप्रतेच्या आंदोलकातून येणाऱ्या तरंगाशी मिसळले जातात. या क्रियेत परिवाहक तरंग दाबून टाकला जातो व त्याच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी एक पार्श्वपट्ट निर्माण होतो. क्वॉर्ट्‌झ स्फटिकांच्या फिल्टरमधून त्यांतील एकच पार्श्वपट्ट पुढे जातो. दुसऱ्या, बदलत्या कंप्रतेच्या आंदोलकाच्या साहाय्याने तो इच्छित कंप्रतेवर नेला जातो व विवर्धित होऊन आकाशकाकडे (अवकाशात तरंग सोडणाऱ्या व झेलणाऱ्या तारेकडे) जातो. ग्रहणात हीच क्रिया उलट क्रमाने घडते. दोन्ही क्रियांचे टप्पे सारखेच असल्याने तेच मिश्रक, तोच फिल्टर व तेच आंदोलक दोन्हींसाठी वापरता येतात. बिटएक्समधील मधले विवर्धकही दोन्ही दिशांनी काम करतात. कोणत्या ट्रँझिस्टरास वीज पुरवली आहे, त्यावरून संकेताच्या प्रवासाची दिशा ठरते. त्यामुळे भागांची संख्या व खर्च दोन्ही कमी होतात. अखेरच्या शक्ती-विवर्धकासाठी वीजपुरवठ्याच्या मंडलांत वापरला जाणारा स्वस्त ट्रँझिस्टर पुरतो.

साध्या परमप्रसर विरूपण पद्धतीत पूर्ण विरूपण असतानाही एकूण शक्तीपैकी दोन-तृतीयांश शक्ती कोणतीही माहिती न वाहणाऱ्या परिवाहक तरंगात खर्च होते व एका पार्श्वपट्टाच्या वाट्यास केवळ एक-षष्ठांश येते. एक पार्श्वपट्ट पद्धतीत सर्व शक्ती उपयुक्त पट्टातच राहते. अल्पशक्तीने आवाज दूर पाठविणे व्यवहार्य झाले, ते मुख्यतः यामुळेच.

शक्ती व श्राव्यता : शक्ती विसाव्या हिश्शाने घटली म्हणजे संकेत विसाव्या हिश्शाने कमी ऐकू येतो, ही समजूत चुकीची आहे. कानाची संवेदना लॉगरिथमी प्रमाणात चालते, म्हणून रेडिओतंत्रात डेसिबेल हे एकक वापरतात. १०० वॉट व ५ वॉट यांतील फरक १३ डेसिबेल भरतो. संकेताची तीव्रता दर्शविण्यासाठी हौशी चालक वापरत असलेल्या मापनपट्टीवरील एक अंश ६ डेसिबेलचा असतो. म्हणजेच ५ वॉटच्या केंद्राचा संकेत १०० वॉटच्या केंद्रापेक्षा दोन अंशांहून थोडासाच अधिक क्षीण असतो. संकेत मुळात बलवान असेल, तर हा फरक ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. तो गोंगाटाच्या पातळीजवळ असेल, तर मात्र हेच १३ डेसिबेल संपर्क होणे व न होणे यांमधील अंतर ठरतात.

प्रेषणपद्धतीचाही यात मोठा वाटा असतो. मानवी आवाजासाठी सु. २,४०० हर्ट्‌झ रुंदीचा पट्ट लागतो, तर मॉर्स संकेतलिपीसाठी ५०० हर्ट्‌झ पुरेसे होतात. पट्ट अरुंद केला की ग्राहीत शिरणारा गोंगाट त्याच प्रमाणात घटतो. या कारणानेच मॉर्सचा ५ वॉटचा संकेत आवाजाच्या सु. २५ वॉटच्या संकेताची बरोबरी करतो. संगणकाच्या साहाय्याने चालणाऱ्या अंकीय पद्धती याच्याही पलीकडे जातात. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकीविज्ञ जोसेफ टेलर यांनी २००८ मध्ये प्रचारात आणलेल्या एका पद्धतीने एक वॉटहून कमी शक्तीचे संकेत हजारो किमी. अंतरावर ओळखता येतात. तथापि अशा पद्धतींत संदेश अत्यंत त्रोटक असतो. २०१७ पासून लोकप्रिय झालेल्या ‘एफटी८’ पद्धतीत एका वेळी मुक्त मजकुराची केवळ १३ अक्षरचिन्हे बसतात. तरंगप्रसारणाच्या अभ्यासास ती उपयुक्त असली, तरी जखमींची संख्या व औषधांची मागणी कळविण्यास ती अपुरी पडते.

नांदेड–लातूर परिसरातील प्रसारण : लातूर ते नांदेड हे अंतर सरळ रेषेत सु. ११५ किमी. आहे. अतिउच्च कंप्रतेचे (उदा., १४४ मेगॅहर्ट्‌झ) तरंग जवळजवळ दृष्टिरेषेत जातात. सपाट भूमीवर १० मी. उंचीच्या दोन आकाशकांमधील त्यांचा पल्ला सु. २६ किमी. भरतो. हातात धरण्याजोगे ५ वॉटचे संच गावात किंवा मदतछावणीत उपयोगी पडतात. परंतु उंचावरील पुनःप्रेषण केंद्र नसेल, तर त्यांवरून लातूर व नांदेड यांचा संपर्क होत नाही. असे केंद्र विजेवर व मनोऱ्यावर अवलंबून असल्याने आपत्तीत तेही बंद पडू शकते.

उच्च कंप्रता पट्टात मात्र आयनांबराचा उपयोग करून घेता येतो. अर्धतरंग द्विध्रुव आकाशक जमिनीपासून ५ ते १० मी. एवढ्या कमी उंचीवर बांधल्यास त्याचे बहुतांश प्रारण जवळजवळ उभ्या दिशेने वर जाते व सु. ३०० किमी. उंचीवरील स्तरावरून परावर्तित होऊन सभोवतालच्या प्रदेशात उतरते. डोंगर व दऱ्या यांचा त्यास अडथळा होत नाही. या मार्गाचे गणित उद्‌बोधक आहे. किल्लारी ते लातूर हे अंतर सरळ रेषेत सु. ४० किमी., तर किल्लारी ते मुंबई सु. ४०० किमी. आहे. पण तरंगाला वर जाऊन परतण्यासाठी करावा लागणारा प्रवास पहिल्या बाबतीत सु. ६०० किमी. व दुसऱ्या बाबतीत सु. ७२० किमी. असतो. म्हणजे नकाशावरील अंतर दहा पटींनी वाढले, तरी या कारणाने संकेतात होणारी घट दोन डेसिबेलहूनही कमी असते. योग्य कंप्रता निवडल्यास लातूर, नांदेड, हैदराबाद व मुंबई ही सर्व ठिकाणे एकाच आकाशकावरून जवळपास सारख्याच तीव्रतेने ऐकू येऊ शकतात. दिवसा, शांत ग्रामीण परिसरात, ७ मेगॅहर्ट्‌झवर या कामासाठी ५ वॉट सर्वसाधारणपणे पुरेसे असतात. त्यासाठी लागणारा आकाशक म्हणजे मधोमध जोड दिलेली सु. २० मी. लांबीची तांब्याची तार होय. शाळेची इमारत व एखादे कडुनिंबाचे झाड यांच्या आधाराने ती अर्ध्या तासात बांधता येते.

उभ्या दिशेने गेलेला तरंग परत येण्यासाठी त्याची कंप्रता आयनांबराच्या त्या वेळच्या क्रांतिक कंप्रतेपेक्षा कमी असावी लागते. मराठवाड्याच्या अक्षांशावर दिवसा ही कंप्रता सहसा ७ मेगॅहर्ट्‌झच्या वर असते. रात्र चढेल तशी ती उतरते व पहाटे, सूर्योदयापूर्वी, सर्वांत कमी होते. तिच्याहून अधिक कंप्रतेचा उभा तरंग आयनांबर भेदून अवकाशात निघून जातो. १९९३ चा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. अशा वेळी केवळ ७ मेगॅहर्ट्‌झवर चालणारा संच जवळच्या केंद्राशी बोलण्यास बहुधा निरुपयोगी ठरतो, मग त्याची शक्ती ५ वॉट असो वा १०० वॉट. त्या वेळी ३.५ मेगॅहर्ट्‌झचा पट्ट व सु. ४० मी. लांबीची तार लागते. अयोग्य कंप्रतेची उणीव शक्तीने भरून निघत नाही. म्हणून आपत्कालीन उपयोगासाठी संच निवडताना वॉटसंख्येआधी तो कोणत्या पट्टांवर चालतो हे पाहणे आवश्यक असते.

ऊर्जेचा हिशोब : अल्पशक्तीचे खरे बळ विजेच्या बचतीत आहे. ५ वॉटचा साधा संच ग्रहण करताना १२ व्होल्ट दाबाने सु. ०.१५ अँपिअर व प्रेषण करताना सु. २ अँपिअर प्रवाह घेतो. १०० वॉटच्या संचास ग्रहणासाठी सु. १.५ अँपिअर व पूर्ण शक्तीच्या प्रेषणासाठी सु. २० अँपिअर लागतात. एकूण वेळेपैकी पाव वेळ प्रेषण धरल्यास मोटारसायकलीत असते तेवढी, म्हणजे ७ अँपिअर-तास क्षमतेची संचायक घटमाला पहिल्या संचास कागदोपत्री सु. ११ तास पुरते. दुसरा संच तिच्यावर सु. एक तासच चालेल. प्रत्यक्षात एवढा मोठा प्रवाह घेताच तिचा दाब कोसळतो व संच त्याआधीच बंद पडतो. २० वॉटच्या सौर फलकाने निरभ्र दिवसात ही घटमाला जवळजवळ पूर्ण भारित होते. वीज खंडित झालेल्या गावात मोटारसायकल वा ट्रॅक्टर यांची घटमाला सहज मिळू शकते, तर जनित्र व त्याचे इंधन बाहेरून आणावे लागते. पहिल्या दिवशीच संपर्क साधता येणे व तो चौथ्या दिवसापर्यंत टिकणे, या दोन्ही दृष्टींनी अल्पशक्ती संच सरस ठरतो.

मर्यादा : अल्पशक्तीची सर्वांत मोठी अडचण ऐकणाऱ्याच्या बाजूस असते. शहरातील विजेच्या तारा, इन्व्हर्टर, एलईडी दिवे व निकृष्ट भारण-यंत्रे यांच्या गोंगाटात क्षीण संकेत बुडून जातो. किल्लारीसारख्या ठिकाणाहून निघालेला ५ वॉटचा संकेत शांत माळरानावर स्पष्ट ऐकू येईल, पण तोच जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या कार्यालयाच्या गच्चीवर ऐकू येईलच असे नाही. नियंत्रण केंद्राने स्वतःची शक्ती कितीही वाढवली, तरी ही अडचण दूर होत नाही. त्यासाठी त्याचा आकाशक वस्तीच्या गोंगाटापासून दूर हलवावा लागतो. पूर्वमोसमी व पावसाळी महिन्यांत विजांच्या कडकडाटाने ३.५ मेगॅहर्ट्‌झच्या पट्टात रात्री मोठी खरखर असते. अशा वेळी ५ वॉटचा आवाज अपुरा पडतो व १०० वॉटच्या संचाचे जादा १३ डेसिबेल मोलाचे ठरतात. त्यावरचा दुसरा उपाय म्हणजे मॉर्स संकेतलिपी. तथापि ती जाणणाऱ्यांची संख्या घटत चालली आहे. परवान्याच्या प्राथमिक श्रेणीसाठी मॉर्सची परीक्षा नसल्याने नव्या चालकांपैकी अनेकांना ती येत नाही.

हौशी प्रेषण कोणालाही ऐकता येते व त्यात गुप्त संकेतांचा वापर करण्यास मनाई आहे. मृतांची नावे नातेवाइकांना कळण्यापूर्वी हवेत जाणे अनिष्ट असल्याने संदेशाच्या मांडणीत शिस्त पाळावी लागते. तसेच शक्ती कमी आहे म्हणून परवान्यातून सूट मिळत नाही. दूरसंचार विभागामार्फत होणारी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीसच संच चालविता येतो.

किल्लारी भूकंप व त्यावरून निघणारा बोध : या भूकंपाची महत्ता ६.२ होती व त्याचे केंद्र किल्लारीजवळ उथळ खोलीवर होते. दगडमातीच्या जाड भिंतींची व जड धाब्यांची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. मृतांची संख्या निरनिराळ्या गणनांनुसार सु. ८ ते १० हजार होती. भ्रमणध्वनी तेव्हा देशात आलेला नव्हता. अशा प्रसंगी कोणत्या गावात किती माणसे अडकली आहेत, कोणता रस्ता बंद आहे, कोठे शस्त्रवैद्य हवा व कोठे तंबू हवेत, यांसारखी लहान पण निर्णायक माहिती त्वरेने पोहोचावी लागते. पंचवीस शब्दांचा संदेश मिनिटास १२ शब्द या मध्यम वेगाने मॉर्समध्ये सु. दोन मिनिटांत जातो. अशा संदेशांसाठी अल्पशक्ती संचाची क्षमता पुरेशी असते. पुढे २००१ चा गुजरात भूकंप व २००४ ची त्सुनामी या प्रसंगीही हौशी चालकांनी मदत केली. त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी चालकांचे पथक आधीपासूनच पोर्ट ब्लेअर येथे प्रेषण करीत होते. संच, आकाशक व चालक जागेवर सिद्ध असल्याने त्यांना लगेच मदतीच्या कामाकडे वळता आले.

आज भ्रमणध्वनी सर्वत्र आहेत. परंतु त्यांचे मनोरे विजेवर व तंतुवाहिन्यांवर अवलंबून असतात आणि आपत्तीत त्यांवर एकाच वेळी प्रचंड भार येतो. उपग्रह दूरध्वनी अधिक विश्वसनीय असले, तरी ते महाग असून त्यांच्या वापरावर कडक निर्बंध आहेत. या परिसरातील धोकाही संपलेला नाही. मार्च व जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ महत्तेचे धक्के नांदेडलाही जाणवले. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात पुराने गावे वेढली गेली.

मूल्यमापन : अल्पशक्ती प्रेषग्राहीचे मूल्य त्याच्या पल्ल्यावरून किंवा किमतीवरून एकट्याने ठरत नाही. घरी बांधलेला संच स्वस्त असतो व डाग देण्याची इस्त्री आणि साधे बहुमापक एवढ्यावर दुरुस्त होतो, परंतु त्याची कंप्रता सरकत राहते व त्याचा फिल्टर महाग संचाइतका काटेकोर नसतो. आधुनिक कारखानी संच स्थिर व सुबक असतात, पण त्यांचे सूक्ष्म भाग गावात बदलता येत नाहीत. अल्पशक्तीने काम करणाऱ्या चालकाला शक्तीच्या जोरावर वेळ मारून नेता येत नाही. आकाशक नीट बांधणे, वेळेनुसार पट्ट बदलणे, दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकणे व संदेश मोजक्या शब्दांत बसविणे या गोष्टी त्याला शिकाव्याच लागतात. हे शिक्षण हाच अशा संचाचा सर्वांत टिकाऊ लाभ होय.

यावरून आपत्तीतील संदेशवहनाची इष्ट मांडणी अशी दिसते : गावपातळीवर हातातील अतिउच्च कंप्रता संच, गाव व जिल्हा यांदरम्यान घटमालेवर चालणारे, किमान ३.५ व ७ मेगॅहर्ट्‌झ हे दोन्ही पट्ट असलेले अल्पशक्ती संच. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शांत जागी उभारलेला आकाशक व सु. १०० वॉटचा प्रेषग्राही. यांपैकी मधली कडी सर्वांत स्वस्त आहे, परंतु ती चालविणारी माणसे आपत्ती येण्यापूर्वीच तयार करावी लागतात. महाविद्यालयांतील भौतिकी व इलेक्ट्रॉनिकी विभागांत असे संच बांधण्याचे व परवाना परीक्षेचे वर्ग चालविल्यास ती मराठवाड्यातच तयार होऊ शकतात. कपाटात बंद असलेला १०० वॉटचा संच व रोज सकाळी लातूर–नांदेड संपर्क साधणारा ५ वॉटचा संच यांत संकटाच्या वेळी दुसराच अधिक उपयोगी पडतो, कारण त्याची तार बांधलेली, घटमाला भारित व चालक सरावलेला असतो.